लाखाची पेटी घ्यावी काय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामात एक वाद उत्पन्न झाला. वाद म्हणावा इतका तो कडू नव्हता; तथापि मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर, भाताच्या गिरणीपाशी, बसची वाट पाहताना माणसे दोन पक्ष करून बोलू लागली, तेव्हा त्याला दुसरे नाव तरी काय द्यावे?

वादाचे मूळ होते आमची जुनी पायपेटी. हे वाद्य देवळात कोणी आणले हे आता कोणासच सांगता येत नाही. गेली अडतीस वर्षे ती आमचे मास्तर वाजवीत आले आहेत. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आजोबा होण्याच्या बेतात आली, तरी रविवारची मिस्सा मास्तरांवाचून झालेली मला ठाऊक नाही. परंतु पायपेटीला पाय लागतात आणि मास्तरांचे गुडघे आता त्यांचे ऐकेनासे झाले आहेत. भात्यालाही दोन ठिकाणी चिरा पडल्या. गेल्या पुनरुत्थानाच्या रात्री ‘ग्लोरिया’च्या ऐन मध्यावर पेटीचा श्वास कोंडला, आणि मास्तरांनी मान खाली घातली ती गीत संपेपर्यंत वर केली नाही. त्या रात्री घरी जाताना ते मला एवढेच म्हणाले, “फादर, आता दुसरं काहीतरी बघा.”

ही वार्ता आखातात पोहोचायला दोन दिवसही लागले नाहीत. आमच्या गावचा एक मुलगा तिकडे नोकरीस आहे. त्याने फोन केला. “फादर, एक लाख रुपये मी पाठवतो. एक लाख धर्मग्रामानं घालावेत. दोन लाखांचा उत्तम कीबोर्ड घेऊ. आपलं फेस्त पंचक्रोशीत गाजलं पाहिजे.” त्याचे वडील दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. “पोरगं मनानं देतंय, घ्या की फादर!”

देणाऱ्याचे मन मोठे होते, यात संशय नाही. परंतु धर्मग्रामाकडे जो एक लाख होता तो नव्याच्या सणाला आलेले भात दोन वर्षे विकून साठविलेला होता, आणि तो होता कौलांसाठी. आमच्या भागात पाऊस कसा पडतो हे खानापूरकडच्या वाचकांस सांगणे नलगे. देवळाच्या उत्तरेकडील बाजूस तीन बाके पावसाळ्यात रिकामी ठेवावी लागतात. तेव्हा प्रश्न नुसता वाद्याचा नव्हता. छपराचा पैसा सुरांत घालावा काय, आणि घातलाच तर त्या दोन लाखांत आपणांस नेमके काय मिळते, हा होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर धर्मग्राम-मंडळ देईल. दुसऱ्याचे शोधून काढण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. सेमिनरीत असताना मी पेटीवर थोडी बोटे फिरविली होती, एवढीच माझी या विषयातील पात्रता. बाकीचे विचारून, वाचून व ऐकून मिळविले.

आज दुकानांत कीबोर्डच्या किमती पाहिल्या तर माणूस गोंधळून जातो. दहा-पंधरा हजारांपासून वाद्ये सुरू होतात. चाळीस-पन्नास हजारांचा एक वर्ग आहे. त्यावर लाख, दीड लाख, दोन लाखांची वाद्ये. आणि सर्वांच्या माथ्यावर चार लाखांच्याही पुढे जाणारी. दिसायला ती बरीचशी एकाच कुळातील. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पुष्कळशी बटणे, मध्ये एक पडदा. मग चौदा हजार कोठे आणि चार लाख कोठे?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १९३५ साली अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड नावाच्या गृहस्थाने विजेवर चालणारा ऑर्गन विक्रीस आणला. हा मूळचा विजेची घड्याळे बनविणारा कारखानदार. त्याच्या वाद्यात हवेची नळी एकही नव्हती. लोहचुंबकांपुढे दातेरी चाके फिरत आणि त्यांतून सूर उत्पन्न होत. गरीब देवळांना ते मानवण्याजोगे होते, कारण खऱ्या नळ्यांच्या ऑर्गनला लागणाऱ्या पैशाच्या मानाने हे फारच स्वस्त. कंपनीने जाहिरात केली की, आमचे वाद्य नळ्यांच्या ऑर्गनची बरोबरी करते. त्यावर अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाकडे तक्रार गेली आणि प्रकरण चौकशीला आले. १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये परीक्षा ठरली. त्या मंदिरातला भव्य ऑर्गन एकीकडे, हॅमंडचे वाद्य दुसरीकडे. ऐकणाऱ्यांस वादक दिसू नये अशी व्यवस्था. जाणत्या संगीतज्ञांना विचारण्यात आले, आता कोणते वाद्य वाजले? त्यांची सुमारे एक-तृतीयांश उत्तरे चुकली! पुढे १९३८ साली आयोगाने कंपनीला काही अतिशयोक्त दावे मागे घेण्यास लावले खरे. परंतु त्या परीक्षेने हॅमंडचे नाव घरोघर झाले ते झालेच.

ही हकिगत मी मास्तरांना सांगितली तेव्हा ते हसले. म्हणाले, “मग आपणही तसंच करू. दुकानात जाऊ आणि पाठ फिरवून ऐकू.”

त्याप्रमाणे आम्ही पाचजण बेळगावला गेलो. मास्तर, मी, दात्याचे वडील आणि गायकवृंदातल्या दोन मुली. दुकानदार सज्जन निघाला. त्याने तीन वाद्ये मांडली: एक चौदा हजारांचे, एक पंचेचाळीस हजारांचे आणि एक दोन लाखांना थोडे कमी. त्याच्याकडे काम करणारा एक तरुण आमच्याच एका गीताची चाल तिन्हींवर वाजवू लागला, आणि आम्ही पाचहीजण भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही शिक्षा झालेली मुले वाटलो असू!

पहिल्या खेपेस प्रत्येक वाद्य स्वतःच्या अंगच्या स्पीकरवर वाजले. चौदा हजारांचे वाद्य सर्वांनी तत्काळ ओळखले. त्याचा आवाज पातळ होता आणि खालचे सूर तर नसल्यासारखेच. यात नवल नाही. अशा वाद्याला दोन लहान स्पीकर असतात आणि त्यांची शक्ती पुष्कळदा अडीच-अडीच वॅटच असते. बैठकीच्या खोलीत ती पुरे. दोनशे माणसे गात असलेल्या देवळात ती ऐकूच येणार नाही.

दुसऱ्या खेपेस दुकानदाराने तिन्ही वाद्ये एकाच मोठ्या स्पीकरला जोडली आणि ऑर्गनचा आवाज लावला. आणि आता आमची शिकागोसारखीच गत झाली. पाचांपैकी तिघांनी मधल्या वाद्याला सर्वांत महाग ठरविले. त्या तिघांत मी होतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. दात्याचे वडील तर चौदा हजारांच्या वाद्यावर खूश झाले आणि सत्य कळल्यावर बराच वेळ गप्प बसले.

पियानोचा आवाज लावला तेव्हा मात्र दोन्ही मुलींनी अचूक ओळखले. त्यांतल्या धाकटीने कारणही सांगितले: “शेवटचा सूर दाबून धरला की स्वस्तातला लवकर मरतो.” बासरी आणि व्हायोलिन यांच्या बाबतीत तर आम्हां सर्वांसच फरक जाणवला. महागड्या वाद्यातल्या बासरीत फुंकर ऐकू येत होती. स्वस्तातली बासरी शिटीसारखी.

असे का व्हावे? त्या तरुणाने मला जे समजावून सांगितले ते येथे थोडक्यात देतो. आजच्या बहुतेक कीबोर्डांत सूर तयार होत नाहीत, साठविलेले असतात. खऱ्या पियानोचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून वाद्याच्या स्मरणात ठेवलेला असतो. आपण पट्टी दाबली की तो बाहेर पडतो. स्वस्त वाद्यात स्मरण थोडे, म्हणून एकच मुद्रण शेजारच्या चार-पाच पट्ट्यांना पुरवून घेतात आणि सुराचा शेवट तोडून, त्याचा छोटा तुकडा फिरवीत ठेवतात. महाग वाद्यात तोच सूर हळू, मध्यम व जोरात असा वेगवेगळा मुद्रित केलेला असतो. म्हणून पियानो, बासरी, व्हायोलिन यांत पैसा ऐकू येतो. ऑर्गनचा सूर मात्र मुळातच एकसारखा असतो. दाबून धरला आहे तोवर तो जसाच्या तसा वाहतो. तो स्वस्तातही बऱ्यापैकी साधतो. देवळात आपण बहुतांशी तोच आवाज वापरतो, ही गोष्ट आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने लहान नव्हती.

एका वेळी किती सूर वाजू शकतात, हाही किमतीचा एक भाग. याबाबत मात्र काळ आमच्या बाजूचा आहे. १९८३ साली यामाहाचे डीएक्स-७ हे वाद्य आले. त्यामागचे तत्त्व जॉन चाउनिंग यांना १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सापडले होते, आणि गंमत अशी की विद्यापीठाने ते प्रथम अमेरिकन ऑर्गन-कारखानदारांपुढे ठेवले, तर त्यांनी नाकारले, यामाहाने उचलले. जगभर गाजलेल्या त्या वाद्याची किंमत अमेरिकेत दोन हजार डॉलरच्या आसपास होती आणि त्यात एका वेळी सोळा सूर वाजत. आज पंधरा हजार रुपयांच्या साध्या वाद्यातही अठ्ठेचाळीस सूर वाजतात. महागड्यात एकशे अठ्ठावीस किंवा दोनशे छप्पन्न. माणसाला बोटे दहाच आहेत. आणि सूर लांबवणारे पेडल वापरले तरी आमच्या गीतांना अठ्ठेचाळीस कधी कमी पडले असतील असे मास्तरांना वाटत नाही.

आता पट्ट्यांकडे वळतो. कारण मास्तरांच्या मते वाद्याचा जीव तेथे आहे, आणि माझेही मत त्यांच्याजवळ जाते. पट्टीखाली रबराची छोटी घुमटी असते व तिच्या पोटात विद्युत्-स्पर्शाच्या दोन जागा. पट्टी खाली जाताना पहिली जागा आधी टेकते, दुसरी मागाहून. त्या दोहोंमधला वेळ मोजून यंत्र ओळखते की बोट हळू आले की जोरात, आणि त्या मानाने सूर लहान-मोठा करते. अगदी स्वस्त वाद्यांत ही सोय नसते. असे वाद्य मुलांच्या खेळण्यापलीकडे घेऊ नये. परंतु ती सोय आता चौदा-पंधरा हजारांतही मिळते. त्याहून महाग वाद्यात पट्टी दाबल्यावर अधिक भार दिला तर सूर थरथरावा अशीही योजना असते. पियानो शिकणाऱ्यांसाठी अठ्ठ्याऐंशी जड पट्ट्यांची वाद्ये असतात, त्यांना खऱ्या पियानोच्या हातोड्यासारखा भार दिलेला असतो.

आणि येथेच एक मौज आहे. खऱ्या नळ्यांच्या ऑर्गनमध्ये पट्टी जोराने दाबा की हळू, सूर तेवढाच. म्हणून कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावला की ती महागडी स्पर्शयंत्रणा बहुधा गप्पच बसते. ज्या गोष्टीसाठी आपण हजारो रुपये अधिक मोजले, ती रविवारी सकाळी झोपून राहणार! मास्तरांच्या बोटांना तर जड पट्ट्या मुळीच रुचल्या नाहीत. जन्मभर पेटीवर वाजविलेला हात तो. पंचेचाळीस हजारांच्या वाद्याच्या हलक्या पट्ट्यांवर ते पंधरा मिनिटे वाजवीत बसले आणि आम्हांला विसरून गेले.

उरले ते ठेके. दुकानातला तरुण ज्या उत्साहाने ठेके दाखवू लागला त्यावरून कळले की, किमतीचा बराच मोठा वाटा तेथे जातो. डाव्या हाताने एक स्वरसंघ धरावा, की वाद्य आपण होऊन ढोल, तबला, गिटार, तुताऱ्या सगळे वाजवू लागते. एका माणसाचा बँड. आपल्या देशासाठी तर भारतीय ठेके आणि तानपुरा घातलेली वाद्येही कंपन्यांनी काढली आहेत. मुली हरखून गेल्या. दात्याचे वडील म्हणाले, “हे हवं! फेस्ताला हे हवं!”

मिरवणुकीला किंवा फेस्ताच्या रात्रीच्या कार्यक्रमाला ते हवे असेल, माझी ना नाही. परंतु मिस्सेच्या वेळी काय? ख्रिस्तसभेने याचा विचार यंत्रे एवढी हुशार होण्यापूर्वीच केला होता. ३ सप्टेंबर १९५८ च्या रोमच्या सूचनापत्रात विजेच्या ऑर्गनला, नळ्यांचा ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तेथे, तात्पुरती आणि धर्माध्यक्षांच्या अनुमतीने मोकळीक दिली होती. परंतु आपोआप वाजणारी यंत्रे उपासनेत वापरण्यास साफ मनाई केली होती. त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. ४ डिसेंबर १९६३ च्या तिच्या उपासनाविषयक संविधानाने नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखून, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही दार उघडले. १९०३ साली संत दहावे पायस यांनी देवळात पियानोलाही मज्जाव केला होता हे ध्यानात घेतले तर केवढे अंतर कापले गेले ते दिसते. तरीही गाणाऱ्या माणसांना माणसाने साथ द्यावी, ही अपेक्षा कायम आहे. आमच्या भागातल्या एका लग्नात मी स्वतः पाहिले आहे: दान अर्पणाच्या गीताला वादकाने ठेका लावला आणि पुढे गीत संपले तरी त्याला बटण सापडेना. वधूवर उभे, मी उभा, आणि ढोलकी आपली चालूच! शिवाय प्रायश्चित्तकाळात, काही मोजके दिवस सोडले तर, वाद्य गायनाला आधार देण्यापुरतेच वाजवायचे असते. तेव्हा शंभर ठेक्यांची किंमत मोजून चाळीस दिवस ते झाकून ठेवावे लागणार.

सर्वांत महाग वाद्यांविषयी आणखी एक गोष्ट कळली, ती मी दात्याला फोनवर सांगितली तेव्हा त्याचा विश्वास बसेना. यामाहाचे ‘जेनोस’ हे त्या जातीच्या वाद्यांतले शिखर मानले जाते. ते २०१७ साली निघाले आणि २०२३ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्याच्या अंगात स्पीकरच नाही! ते वेगळे घ्यावे लागतात. हे वाद्य ज्यांच्यासाठी केले आहे त्यांच्यापाशी रंगमंचाची ध्वनियोजना असतेच, म्हणून त्यात गैर काही नाही; परंतु देवळात आणून तारा जोडल्या आणि आवाज आला नाही, तर आमच्या माणसांनी काय म्हटले असते याची कल्पना करा.

आणि सहा वर्षांत दुसरी आवृत्ती, हेही विचार करण्यासारखे आहे. विजेच्या वाद्यांचे आयुष्य त्यांच्या सुट्या भागांइतके. आमच्या शेजारच्या एका धर्मग्रामाने तीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने असेच वाद्य घेतले होते. वळिवाच्या पहिल्या गडगडाटात वीज वर-खाली झाली आणि आतली मुख्य पाटी जळाली. ती दूरच्या शहरातून मागवावी लागते, आणि अजून मागवणेच चालू आहे. वाद्य भरजरी कापडाखाली झाकलेले असते. पाहुण्यांना ते दाखवतात. त्याची थट्टा म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांचा दोष एवढाच की दोन लाखांच्या वाद्याला दोन-चार हजारांचे वीज-रक्षक यंत्र त्यांनी घेतले नाही आणि मिस्सा झाल्यावर प्लग भिंतीतच राहिला. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी लहानसहान कीबोर्ड असेल त्यांनी मेघगर्जना सुरू होताच तो काढून ठेवावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकऐवजी सुती कापड घालावे, कारण प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते. एखादी पट्टी अचानक मुकी झाली किंवा एकदम ओरडू लागली तर घाबरू नये. बहुधा त्या रबरी घुमटीखाली धूळ गेलेली असते, आणि जाणता कारागीर ती थोड्या खर्चात साफ करून देतो.

इतके सारे लिहिल्यावर कोणी म्हणेल, फादर महाग वाद्याच्या विरुद्धच आहेत. तसे नाही. आमच्याच भागातला एक तरुण लग्नसमारंभांतून आणि ऑर्केस्ट्रात वाजवितो. त्याने कर्ज काढून लाखाच्या वर किंमत असलेले वाद्य घेतले. त्याला एका गाण्यात चार आवाज बदलावे लागतात, गायिकेचा स्वर चढला तर क्षणात सगळे वर न्यावे लागते, रात्रीचे सहा तास वाद्य थांबता कामा नये. दोन हंगामांत कर्ज फिटले. ते वाद्य त्याचा नांगर आहे. नांगराला कोणी महाग म्हणत नाही. त्याचप्रमाणे जिचे मूल मनापासून पियानो शिकत आहे अशा आईने हलक्या पट्ट्यांवर समाधान मानू नये. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांतसुद्धा पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन निराळे विषय आहेत. पियानोचा हात हलक्या पट्ट्यांवर घडत नाही.

पुन्हा, महाग-स्वस्त याहून कान आणि हात मोठे असतात, हेही विसरून चालणार नाही. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी आठवते? घरोघर लोक तिच्यावर डोलले. ती पुंगी नव्हतीच. क्लॅव्हायोलिन नावाचे छोटे विजेचे वाद्य कल्याणजींनी वाजविले होते आणि जोडीला रवी यांनी हार्मोनियम. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त कीबोर्डातही त्याहून अधिक आवाज असतात. पुंगी मात्र सर्वांना काढता येत नाही. आणि ज्या हार्मोनियमला १९४० साली नभोवाणीने, तिच्यात मींड निघत नाही व श्रुती सापडत नाहीत म्हणून, दाराबाहेर काढले आणि १९७१ पर्यंत बाहेर ठेवले, त्याच हार्मोनियमवर आपल्या खेड्यांतली भजने आणि आमच्या मिस्सेची गीते पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली.

असो. धर्मग्राम-मंडळाची सभा रात्री नऊपर्यंत चालली. दात्याच्या वडिलांनी दुकानातली हकिगत स्वतःच सांगितली. चौदा हजारांच्या वाद्याला आपण पहिला नंबर दिला, हेही त्यांनी लपविले नाही, आणि सभेत मोठा हशा झाला. शेवटी ठरले ते असे: पंचेचाळीस हजारांचे वाद्य, अठरा हजारांचा एक चांगला स्पीकर, आणि सात हजारांत वीज-रक्षक व स्टँड. एकूण सत्तर हजार. कौलांच्या पैशाला हात लावायचा नाही.

मुलाला फोनवर हे सांगणे माझ्याकडे आले. तो जरा वेळ बोलला नाही. मग विचारले, “मग माझ्या लाखातले तीस हजार उरतात, त्यांचं काय करणार, फादर?” मी म्हणालो, “गायकवृंदातल्या दोन मुली आणि एक मुलगा यांना तालुक्याच्या गावी कीबोर्ड शिकायला पाठवू. शिकवणीची फी आणि बसचं भाडं त्यातून जाईल. मास्तरांच्या नंतर वाजवायला कोणीतरी हवं ना?” पुन्हा शांतता. मग तो म्हणाला, “मुलगा कोणाचा?” मी नाव सांगितले, तो त्याच्याच चुलत्याचा नातू निघाला. “बरं,” तो म्हणाला, “पण फेस्ताला फोनवर ऐकवा मला.”

पायपेटी आम्ही टाकली नाही. ती सामानाच्या खोलीत कोरड्या कोपऱ्यात ठेवली आहे. नवे वाद्य आले त्या दिवशी मास्तरांनी सगळ्या बटणांतून पेटीचा आवाज शोधून काढला आणि त्यावर एकच गीत वाजविले. संपल्यावर त्यांनी सवयीने पाय दोनदा हलविले, खाली पाहिले आणि धाकट्या मुलीला म्हणाले, “बस इथं. आणि ठेक्याच्या त्या बटणावर आधी एक चिकटपट्टी लाव.”